केवढ्याला पडला?

कुत्रा घेऊन बाहेर पडलं की अनोळखी माणसंही थांबून दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "चावत नाही ना?" आणि दुसरा, "केवढ्याला पडला?" आमचा खंड्या फुकट आला. ओळखीतल्या घरी कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक आमच्याकडे आलं, बापाचा पत्ता नाही. पूर्वी मी "फुकट" असं सांगायचे आणि विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरायचा. हल्ली सांगते, "अजून पडतोच आहे."

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडी फुकट आणि मसाला बारा वर्षं रोज. तरीही कुत्र्याच्या खर्चाबद्दल बोलायला माणसं बिचकतात. पैशाचं नाव काढलं की माया कमी पडते, असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. माझं मत नेमकं उलटं आहे. कुत्रं आणण्याआधी "महिन्याला किती लागतील हो?" असं विचारणाऱ्या माणसाच्या घरात ते शेवटपर्यंत टिकतं, असंच मी पाहत आले आहे. "कित्ती गोड!" म्हणून उचलून नेणाऱ्यांबद्दल मला तेवढी खात्री नाही.

खंड्या मध्यम आकाराचा. साधारण १० ते २५ किलो वजनाची कुत्री या गटात धरतात, तो १८ किलोंचा. लहान कुत्रं स्वस्त, मोठं महाग आणि मधलं मधल्या भावात, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब इतका सरळ नाही, कारण प्रत्येक बाबीचा खर्च वेगळ्या नियमाने चढतो.

भुकेचंच घ्या. पशुवैद्यक किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात काढतात आणि त्याला ७० ने गुणतात. नुसतं पडून राहायला जनावराला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ही झाली. १८ किलोंसाठी ती सुमारे ६१० कॅलरी येते. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे हजाराला थोड्या कमी. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला बहुधा ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला पाव किलोहून किंचित जास्त, वर्षाला ९५ किलोंच्या आसपास आणि बारा वर्षं जगला तर एक टनाच्या वर. हा आकडा मी नवऱ्याला सांगितला तेव्हा त्याने खंड्याकडे नव्या आदराने पाहिलं. गंमत अशी की ९ किलोंच्या कुत्र्याच्या दुप्पट वजन असूनही त्याला दुप्पट खाणं लागत नाही, १.७ पटीच्या आतच भागतं.

लसीला तर वजन ठाऊकच नाही. चिवावा असो की ग्रेट डेन, डोस तोच. औषधं मात्र किलोला किलो चढत जातात. गोचिडांवरची गोळी, वेदनाशामक, भूल, सगळं वजनावर. आणि पट्टा, ताटली, अंथरूण यांच्या किमती पाळणाऱ्याच्या हौसेवर. त्यांच्यावर मी शाई खर्च करणार नाही, कारण खंड्या अंथरुणाशेजारी फरशीवर झोपतो.

खाण्याचा खर्च मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. तो येणार हे ठाऊक असतं, दर महिन्याला तेवढाच येतो. फक्त पिशवीची किंमत किलोवर तोलायची नाही, कॅलरीवर तोलायची. ज्या पिशवीत भरताड जास्त असतं तिचं माप जास्त घालावं लागतं, ती लवकर संपते आणि मागच्या दाराने शीही जास्त येते. पिशवीवर 'संपूर्ण आहार' आणि कुठल्या वयासाठी, हे लिहिलेलं आहे का ते पाहावं. बाकी पुढच्या बाजूला छापलेलं सगळं माणसांसाठी असतं. कुत्र्यांचं खाणं विकणं हा धंदा तसा फार जुना नाही. जेम्स स्प्रॅट नावाच्या गृहस्थांनी १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला घेतली. त्यांचा मूळ धंदा इमारतींवरच्या तडितरक्षकांचा. म्हणजे पहिल्या पाकिटापासूनच विकणारा अन्नशास्त्रातला नव्हता, विक्रीतला होता. रंगीत पिशव्यांसमोर उभी राहिले की मला हे आठवतं.

खाण्याबद्दल एक अभ्यास आहे, तो मी घरात सगळ्यांना ऐकवून झाला आहे. ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडी एकाच वेतातली. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्या तीन चतुर्थांश दुसऱ्याला, जन्मभर. २००२ साली निष्कर्ष छापून आले. भरपूर खाणाऱ्या गटाचं मध्य आयुष्य ११.२ वर्षं निघालं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांधेदुखीवर उपचार करायची वेळही दुसऱ्या गटावर बरीच उशिरा आली. बाकी कुठेही काटकसर केली तर कुत्र्याचं काहीतरी हुकतं. वाटीच्या बाबतीत मात्र पैसेही वाचतात आणि आयुष्यही वाढतं.

सासूबाईंना हा अभ्यास मान्य नाही. "अगं, बघ ना कसा बघतोय," असं म्हणून ताटाखालून घास जातोच. वरचं खाणं दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंत चालतं असं डॉक्टर सांगतात, म्हणजे खंड्याला शंभराच्या आत. सासूबाईंचा एक घास किती कॅलरींचा असतो हे मोजायची हिंमत घरात कुणाची नाही. मग मी भीती दाखवायला दुसरं कारण शोधलं. गोचिडांच्या बऱ्याच गोळ्यांच्या पाकिटांवर १० ते २० किलो आणि २० ते ४० किलो असे गट असतात. खंड्याने विशीचा काटा ओलांडला की औषध ४० किलोंच्या धिप्पाड कुत्र्याच्या गटातलं, किंमतही त्या गटाची. मध्यम कुत्र्याची ही खरी अडचण. तो नेमका त्या रेघेच्या आसपास वावरत असतो. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून ती दोघांत वाटायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. डॉक्टरांनी ती मोडीत काढली. तुकड्यात औषध सारखं वाटलं गेलेलं असेलच याची खात्री नसते, आणि कमी पडलेली मात्रा गोचिडांना कळते, आपल्याला नाही. सासूबाईंना अभ्यासाने जे पटलं नाही ते या पाकिटाने पटलं. घास आता अर्धा झाला आहे.

यानंतर येतो तो खर्च कंटाळवाणा आहे, म्हणूनच लोक तो टाळतात. काही होऊ नये म्हणून केलेल्या खर्चाचं समाधान कसं वाटणार? काही झालंच नाही, हाच त्याचा परिणाम. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लसी सुरू होतात, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी आणि मग वर्षाच्या आत-बाहेर एक बूस्टर. पुढे डिस्टेंपर, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांच्या लसी तीन वर्षांनी दिल्या तरी चालतात, लेप्टोस्पायरोसिसची दरवर्षी लागते आणि रेबीजची लसीप्रमाणे नि कायद्याप्रमाणे. जंताचं औषध बहुतेकांना तीन महिन्यांनी. जिथे डासांमधून हृदयात जंत होण्याचा धोका आहे तिथे महिन्याला आणखी एक गोळी. ही गोळी टाळली आणि जंत झालाच, तर पाठीच्या स्नायूंत इंजेक्शनं, काही महिने धावणं-उड्या बंद आणि उपचारालाही जिवाचा धोका. पार्व्होचं पिल्लू सलाइनवर दिवसच्या दिवस पडलेलं मी पाहिलं आहे. त्या बिलात सगळ्या लसी कितीदा तरी झाल्या असत्या. गोचिडांच्या तापात प्लेटलेट घसरतात, मग रक्ततपासण्या, आठवडेच्या आठवडे गोळ्या, पुन्हा रक्त. इतकं सगळं ऐकूनही महिन्याच्या गोळीचे पैसे देताना हात आखडतोच. माझाही.

आता दात. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण कुत्र्याच्या खर्चात सगळ्यात दुर्लक्षित जागा ही.

प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, आपल्यापेक्षा दहा जास्त. तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांना रोगाची सुरुवात झालेली असते. तोंडाला वास येतो, आपण "कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच" म्हणून सोडून देतो. तो वास म्हणजे हिरडीखालचा संसर्ग असतो. मग एक दिवस कुत्रं एकाच बाजूने चावायला लागतं. तेव्हा डॉक्टर सांगतात की दात साफ करायचे तर पूर्ण भूल द्यावी लागेल. बऱ्याच जणांना इथे संशय येतो की हे बिल वाढवायचं निमित्त. तसं नाही. वरवरचं किटण खरवडून दात पांढरे दिसतात, पण रोग असतो हिरडीच्या खाली. तिथे धारदार हत्यार घालताना जागं कुत्रं तोंड उघडून स्थिर बसणार नाही. भूल आली म्हणजे आधी रक्ततपासणी आली, मुळं कशी आहेत हे पाहायला एक्स-रे आला. काढावे लागणारे दात किती, हे तोंड उघडल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून बिलाचा अंदाजही पक्का मिळत नाही. वरचा चौथा उपदाढ दात तीन मुळांचा असतो. तो काढणं ही छोटी शस्त्रक्रियाच.

आणि तोच दात बऱ्याचदा तुटतो. हाडं, शिंगं, खूर, कडक नायलॉनची खेळणी चघळताना त्याचा बाहेरचा पापुद्रा उडतो. दुकानात या वस्तूंवर 'दात स्वच्छ ठेवते' असं छापलेलं असतं, याला काय म्हणावं! साधी कसोटी अशी की वस्तूवर अंगठ्याचं नख दाबावं. नख रुतलं नाही तर ती कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नये.

उलट बाजूला एक मऊ ब्रश आणि कुत्र्यांची टूथपेस्ट. माणसांची चालत नाही, कारण कुत्रं चूळ भरत नाही, गिळतं. काही पेस्टमध्ये तर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असतं आणि ते कुत्र्याला विषारी. रोज एक मिनिट, फक्त बाहेरच्या बाजूने. पहिले काही आठवडे खंड्या अशा नजरेने बघायचा की जणू मी त्याच्या आईवडिलांचा अपमान केला. आता ब्रश दिसला की स्वतः येऊन बसतो, कारण नंतर काहीतरी मिळतं. दात कोरून पोट भरत नाही हे खरं, पण घासून खिसा वाचतो एवढं मी अनुभवाने सांगू शकते.

केसांचा खर्च जातीवर. आखूड केसांचं कुत्रं घरी ब्रशने भागतं. पूडलसारख्या सतत वाढणाऱ्या केसांचं कुत्रं दीड-दोन महिन्यांनी कातरावंच लागतं, नाहीतर केसांचे नमदे होतात. नखं महिन्याला एकदा. कान ज्याचे लोंबते त्याचे त्रास जास्त. एवढं पुरे.

कातडीची अॅलर्जी मात्र या यादीत सहज बसत नाही. ती आली की जात नाही. आधी आठ आठवडे ठरावीक आहार देऊन पाहायचं, म्हणजे खाज अन्नामुळे आहे का ते कळतं. त्या काळात ताटाखालून एकही घास नको (सासूबाईंकडे पाहून हे वाक्य मी मोठ्याने वाचते). अन्न निर्दोष सुटलं तर मग रोजची गोळी किंवा ठरावीक काळाने इंजेक्शन, जन्मभर. त्या गोळ्याही किलोवर. आमच्या फिरायच्या वाटेवर भेटणाऱ्या एका काकांच्या कुत्र्याला हा त्रास आहे. ते म्हणतात, "खाण्यापेक्षा खाजवण्याचा खर्च जास्त आहे हो."

मग एकदम अंगावर येणारे खर्च. पायमोजा गिळणं, गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं, पोट फुगणं, मारामारीत फाटणं. पायमोजा एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, सोनोग्राफी लागते, आतडं उघडावं लागलं तर मुक्काम. गुडघ्याचं तर विचित्रच. एका पायाचा अस्थिबंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसऱ्या पायाचाही पुढेमागे तुटतो. कारण तो बहुतेकदा एका उडीने तुटत नाही, आधीपासून झिजत आलेला असतो. म्हणजे एका शस्त्रक्रियेचं बिल भरताना दुसरीची तजवीज डोक्यात ठेवायची. जादा वजन इथेही आगीत तेल ओततं.

अशा वेळी विमा असावा का? जिथे मिळतो तिथे तरुण, निरोगी कुत्र्याचा काढला तर अर्थ आहे, कारण आधीपासूनच्या आजाराला बहुधा कुणीच पैसे देत नाही. कागद वाचताना चार गोष्टी मी शोधते. हप्ता वयाबरोबर किती चढतो, गुडघ्यासाठी प्रतीक्षाकाळ किती, एका बाजूचा गुडघा गेला की दुसरा 'आधीचा आजार' धरतात का, आणि जन्मभराच्या आजाराला दरवर्षी नव्याने मर्यादा मिळते की एकदाच. शिवाय बऱ्याच ठिकाणी आधी आपण पैसे भरायचे आणि मग कंपनीकडे मागायचे. म्हणजे विमा असूनही रोकड लागतेच. आम्ही शेवटी वेगळं खातं काढलं. दर महिन्याला खाण्याच्या खर्चाएवढीच रक्कम तिकडे टाकतो. सगळ्यांना हा मार्ग जमेल असं नाही. खातं भरायच्या आधीच गुडघा तुटला तर काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यासाठीच तर विमा.

बिलावर कधीच न येणारा खर्च वेळाचा. रोज अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्या म्हणजे वर्षाचे ३६५ तास, रात्रंदिवस धरले तर पंधरा दिवसांहून जास्त. पण मला जड जातं ते बाहेरगावी जाणं. कुणाकडे ठेवायचं? बोर्डिंगवाले लसीचं कार्ड मागतात आणि ते मागत नसतील तर तिथे ठेवूच नये. गर्दीच्या सुट्ट्यांत जागा आधीपासून भरलेल्या. घरी येऊन राहणारं माणूस मिळालं तर उत्तम, पण चांगल्या माणसाचा भाव चांगला असतो. मग लग्नाला दोघांपैकी एकच जण जातो. घर भाड्याचं असेल तर शोधताना निम्मी घरं पहिल्या फोनलाच गळतात. उरलेल्यांत भाडं जास्त किंवा अनामत जास्त. हे पैसे कुणी कुत्र्याच्या खात्यावर मांडत नाही, पण ते त्याचेच असतात.

सगळं वयावर मांडून पाहिलं तर पहिलं वर्ष महाग, कारण लसी, नसबंदी, कुरतडलेल्या चपला. पुढची सहा-सात वर्षं हलकी, आणि याच वर्षांत आपल्याला वाटायला लागतं की खर्चाचा अंदाज आला. आठव्या वर्षाच्या आसपास उतार लागतो. डॉक्टर सहा महिन्यांनी बोलावतात, रक्त, लघवी, रक्तदाब. मूत्रपिंड कुरकुरायला लागलं की खास आहार, नेहमीच्या पिशवीहून बराच महाग. सांधे आखडले की रोजचं वेदनाशामक, आणि ते यकृत-मूत्रपिंडावर काय करतंय हे पाहायला पुन्हा रक्त. अलीकडे महिन्यातून एकदा द्यायची सांधेदुखीची इंजेक्शनंही निघाली आहेत. मध्यम कुत्री महाकाय जातींपेक्षा जास्त जगतात, बारा-तेरा वर्षं सहज. त्यामुळे दर महिन्याचा खर्च मोठ्या कुत्र्यापेक्षा कमी असला तरी म्हातारपण लांबतं, आणि महाग महिने तेच असतात.

खंड्या आता त्या उताराच्या तोंडाशी आहे. म्हणून एका रविवारी आम्ही तिघं बसलो आणि ज्यावर कुणालाच बोलायचं नव्हतं त्यावर बोललो. कुठवर करायचं? नवरा म्हणाला, आकडा ठरवू, त्याच्या वर नाही. सासूबाई रागावल्या. "घरातल्या माणसाचा आकडा ठरवतोस का?" मला दोघंही अर्धे बरोबर वाटत होते. नुसता आकडा कामाचा नाही. गुडघ्यावर घातलेल्या पैशातून पाच वर्षांचं धावणं मिळू शकतं, आणि त्याच पैशात पसरलेल्या कर्करोगाचे दोन महिने मिळतील, तेही सलाइनच्या सुईसकट. पण आकडाच नको म्हटलं तर रात्री दवाखान्याच्या बाकावर, कुत्रं विव्हळत असताना, माणूस कशावरही सही करतो. डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न आम्ही लिहून ठेवले. काहीच केलं नाही तर काय होईल? केलं तर त्याला चांगले म्हणता येतील असे किती महिने मिळतील? आणि ते महिने मिळवताना त्याला किती सोसावं लागेल? आकडा या उत्तरांनंतर. शेवटच्या इंजेक्शनचा आणि नंतरच्या विल्हेवाटीचा खर्चही त्याच कागदावर आहे, कारण तो येणार हे नक्की आणि त्या दिवशी चौकशी करायचं त्राण कुणातच नसेल.

कागद घडी करून खात्याच्या पासबुकात ठेवला. सासूबाईंनी जाता जाता सुनावलं की खात्यात काही उरलं तर ते खर्चून टाकायचं नाही, पुढच्या पिल्लासाठी ठेवायचं.

"आई, उरेल कसं?" नवरा म्हणाला. "तुम्ही त्याला अजून अर्धा घास देताच ना?"